बंदुकीविना गनडॉग: कोल्हापुरात शिकारी जातीचा कुत्रा कसा सांभाळावा, शिकवावा आणि स्पर्धेत उतरवावा

कोल्हापूरच्या भागात ‘शिकारी कुत्रा’ असे म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर कारवान किंवा पश्मी उभा राहतो: उंच पायांचा, खपाटीला गेलेल्या पोटाचा, ससा दिसताच माळ पालथा घालणारा. लॅब्राडोर, गोल्डन रिट्रीव्हर, कॉकर स्पॅनियल यांची गणना मात्र आपण मुलांशी खेळणाऱ्या आणि सोफ्यावर लोळणाऱ्या कुत्र्यांत करतो. पुढे दीड वर्षाच्या आत तोच कुत्रा दाराच्या चौकटी कुरतडू लागला, फाटक उघडताच रस्त्यावर धाव घेऊ लागला, की ‘वाया गेला’ म्हणून आपण मोकळे होतो. खरे तर असा कुत्रा बेकार असतो, आणि तेही त्या शब्दाच्या मूळ अर्थाने: त्याला काम नसते.

कारवान डोळ्यांनी शोधतो, पळून गाठतो आणि स्वतःच पकडतो. गनडॉगकडून, म्हणजे बंदुकीने शिकार करणाऱ्याच्या मदतीसाठी पैदास केलेल्या लॅब्राडोर, स्पॅनियलसारख्या कुत्र्याकडून, याच्या उलट अपेक्षा असते, कारण सावज टिपण्याचे काम बंदुकीचे. पॉइंटर आणि सेटर गवतात दडलेल्या पक्ष्याचा वास लागताच जागच्या जागी थिजतात आणि मालक येईपर्यंत तसेच राहतात. स्पॅनियल झुडपात शिरून पक्षी उठवतो, तोही बंदुकीच्या टप्प्यात, आणि पक्षी उडताच त्याने खाली बसायचे असते. रिट्रीव्हर मालकाच्या पायाशी गप्प बसून पक्षी कुठे पडला हे लक्षात ठेवतो आणि आज्ञा मिळाल्यावरच जाऊन, दाताचा ओरखडाही न उमटवता, तो हातात आणून देतो. जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटरसारख्या काही जातींकडून ही सगळीच कामे करून घेतली जातात. या प्रत्येक कामात धावण्यापेक्षा थांबण्याला अधिक महत्त्व आहे. धावण्याची ओढ, नाक आणि मऊ तोंड पिल्लू आईच्या पोटातून घेऊन येते. थांबणे मात्र आपल्याला शिकवावे लागते.

आपल्याकडे बंदुकीचा भाग कायद्यानेच संपवला आहे. कोल्हापूर संस्थानात एके काळी पाळलेल्या चित्त्यांकडून काळविटांची शिकार होत असे आणि दाजीपूरचे जंगल हे संस्थानिकांचे शिकारीचे रान होते. तेच जंगल १९५८ साली गव्यांसाठी अभयारण्य झाले. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ साली आला आणि पुढे ससा असो वा मोर, कोणत्याही वन्यप्राण्यामागे कुत्रा सोडणे हा गुन्ह्याचा विषय झाला. त्यामुळे आजच्या कोल्हापुरात गनडॉगचे सावज म्हणजे कॅनव्हासची डमी, चिंध्या भरलेली लांबट पिशवी. कुत्र्याला यात काही कमी पडते असे मला वाटत नाही. त्याला शोधणे, सापडणे आणि आणून देणे हवे असते. आणलेली वस्तू कशाची आहे याची चौकशी तो करीत नाही.

पिल्लू घेण्यापूर्वी

रोज सकाळी एक तास आणि संध्याकाळी अर्धा तास देणे जमणार नसेल, तर या जातींचा विचारच करू नये. सुट्टीच्या दिवशी पन्हाळ्यावर पाच तास फिरवून आठवड्याची भरपाई होत नाही. फ्लॅटमध्ये लॅब्राडोर किंवा कॉकर नीट राहू शकतो. पॉइंटर, वायमरानर आणि आयरिश सेटर यांना मात्र मोकळी जागा आणि अनुभवी हात लागतो, म्हणून पहिलाच कुत्रा म्हणून ते घेऊ नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. पिल्लू आठ आठवड्यांचे होण्याआधी आईपासून तोडू नये. आई प्रत्यक्ष पाहावी, ती परक्या माणसाजवळ कशी वागते हे पाहावे आणि शक्य असल्यास आईबापांच्या खुब्यांचे एक्स-रे मागावेत, कारण खुब्याच्या सांध्याचा दोष रिट्रीव्हर जातींत वारशाने उतरतो. ‘चॅम्पियन लाइन’ या शब्दांना भुलू नये. प्रदर्शनात जिंकणारे घराणे आणि कामाला तरबेज असलेले घराणे ही बहुतेक वेळा वेगळी असतात, आणि आपल्याकडे मिळणारी बहुसंख्य पिल्ले पहिल्या प्रकारची असतात.

खुराक, ऊन आणि पाऊस

कोल्हापूरकराला खुराकाचे महत्त्व सांगावे लागत नाही; अडचण उलटी आहे. पैलवानाला लागते ते कुत्र्यालाही लागते या समजुतीने त्याला म्हशीचे दूध, तूप आणि रविवारी पांढऱ्या रश्श्यातली हाडे मिळतात. बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना दूध पचत नाही. शिजवलेल्या हाडांच्या किरचा आतड्यात रुततात. कांदा आणि लसूण रक्तातील तांबड्या पेशींवर आघात करतात, म्हणून रस्सा कितीही पातळ केला तरी तो त्याचा नव्हे. द्राक्षे, बेदाणे आणि चॉकलेट हीदेखील विषासमान. लॅब्राडोर तर सतत उपाशी असल्यासारखा वागतो, आणि त्याला कारणही आहे. केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ साली दाखवून दिले की जवळपास एक चतुर्थांश लॅब्राडोरमध्ये ‘पीओएमसी’ नावाच्या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो आणि अशा कुत्र्यांना पोट भरल्याची जाणीव कमी होते. तेव्हा त्याच्या डोळ्यांकडे पाहून वाढू नये, मोजून वाढावे. बरगड्यांवरून हात फिरवल्यावर त्या सहज लागल्या पाहिजेत आणि वरून पाहताना कंबर दिसली पाहिजे. दिवसाचे अन्न दोन वेळांत विभागावे आणि व्यायामाच्या आधी व नंतर तासभर तरी पोट रिकामे ठेवावे.

मार्च ते मे या काळात सगळा सराव सकाळी साडेसहाच्या आत संपवावा. तळहाताची मागची बाजू डांबरावर सात सेकंद टेकवता येत नसेल तर तो रस्ता कुत्र्याच्या पंजांसाठी नाही. कुत्रा धापा टाकून अंगातील उष्णता बाहेर टाकतो, आणि वळिवाआधीच्या दमट हवेत हा उपाय अपुरा पडतो. म्हणून पारा फार वर नसतानाही त्याला ऊन लागू शकते. कामाच्या धुंदीत असलेला गनडॉग स्वतःहून थांबत नाही, हे विशेष लक्षात ठेवावे. जीभ रुंद होऊन बाहेर लोंबू लागली, हिरड्या गडद लाल झाल्या किंवा चालताना झोक जाऊ लागला, की तत्काळ सावलीत नेऊन सर्वांगावर साधे पाणी ओतावे आणि मग दवाखाना गाठावा. आधी गार करणे, नंतर नेणे, हाच क्रम. त्याच्या शरीराचे तापमान एरवी ३८ ते ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. ते ४१ च्या वर गेले की अवयव निकामी होऊ लागतात. गोल्डन किंवा कॉकरचे केस उन्हाळ्यात तासून टाकण्याची पद्धत चुकीची आहे, कारण दुहेरी केसांचा थर उन्हापासून आडोसाही देतो. आतली लव विंचरून काढणे पुरे.

जून ते सप्टेंबर हा कानांचा आणि गोचिडांचा काळ. स्पॅनियलचे लोंबते कान आत ओल धरून ठेवतात, म्हणून प्रत्येक भिजण्यानंतर कान उलटे करून कोरडे करावेत. गोचीड तापात कुत्रा खाणे सोडतो, हिरड्या पांढुरक्या पडतात, आणि दोन दिवसांची चालढकलही महागात पडते. साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसची लागण होते. रेबीजबरोबर तिचीही लस वर्षाला द्यावी.

पाण्याचा प्रश्न रिट्रीव्हरवाल्यांना नेहमी पडतो. रंकाळ्याच्या काठावर सकाळची गर्दी असते, कळंबा तलावाचे पाणी शहर पिते, पंचगंगेत जलपर्णी आणि सांडपाणी, आणि कृष्णेत मगरी. शेततळे निर्धोक वाटते, पण प्लॅस्टिकच्या अस्तरावरून कुत्र्याला बाहेर चढता येत नाही आणि चांगला पोहणाराही त्यात दमून बुडतो. ओळखीच्या शेतातील ओढ्याचा किंवा पाझर तलावाचा उथळ, उतरता, मातीचा काठ शोधावा आणि पहिल्यांदा आपण स्वतः गुडघाभर पाण्यात उतरावे.

शिकवण्याचा क्रम

तालमीत नव्याने आलेल्या पोराला वस्ताद पहिल्या दिवशी कुस्तीला लावत नाही. आधी हौद्यातील माती खणायला लावतो. गनडॉगच्या बाबतीत आपण नेमके विसरतो ते हे. मी माझ्या पहिल्या लॅब्राडोरला पाच महिन्यांची असल्यापासून मैदानावर रोज पन्नास-पन्नास वेळा चेंडू फेकला आणि तिच्या वेगाचे कौतुक करीत राहिलो. वर्षभरात तिला एकच गोष्ट पक्की समजली होती: हवेतून काहीही गेले की धावायचे. पोरांच्या क्रिकेटचा चेंडू, घार, वाऱ्याने उडालेली पिशवी, सगळ्यांमागे ती धावे. ते मोडायला मला आणखी वर्ष लागले.

पहिले सहा महिने फक्त नाव, बोलावल्यावर येणे, वाढलेले अन्न दिसत असूनही बसून राहणे आणि घराबाहेरच्या जगाची ओळख, एवढेच करावे. घरातील सर्वांनी एका क्रियेसाठी एकच शब्द वापरावा. आजी ‘ये रे बाळा’, वडील ‘कम’ आणि मुले ‘इकडं ये की’ म्हणत असतील तर पिल्लाचा दोष नाही. अन्नाचे ताट ठेवताना शिट्टीचे तीन-चार आखूड फुंकर घालावेत. हीच पुढे परत बोलावण्याची खूण होते. एक लांब फुंकर म्हणजे ‘आहेस तिथे बस’. ॲक्मे कंपनीच्या शिट्ट्यांवर आकडे असतात. स्पॅनियलसाठी २१०½ आणि रिट्रीव्हरसाठी २११½ वापरण्याचा प्रघात आहे. आकड्याचा खरा फायदा हा की शिट्टी हरवली तरी नवीन शिट्टीचा सूर तोच मिळतो.

याच वयात पिल्लू काही ना काही तोंडात घेऊन फिरेल, आणि कोल्हापुरात ते बहुधा चामड्याची चप्पल घेऊन येईल. त्याच्यामागे धावू नये, रागावू नये आणि ओढून घेऊ नये. खाली बसावे, त्याला जवळ येऊ द्यावे, तोंडात वस्तू असतानाच गळ्याखाली खाजवावे आणि मग खाऊच्या बदल्यात ती शांतपणे घ्यावी. चपलेसाठी आरडाओरडा केला तर तुम्ही चप्पल वाचवता, पण आणलेली वस्तू मालकाला दाखवणे धोक्याचे असते हा धडा त्याला कायमचा देता. चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान दात पडतात. त्या काळात डमी देऊ नये आणि दोरखेच मुळीच खेळू नये.

आवाजाची सवय हा वेगळा विषय आहे. बंदूक नसली तरी आपल्याकडे गणेशोत्सवाच्या मिरवणुकीतील साउंड सिस्टीम आणि दिवाळीचे फटाके आहेत, आणि एकदा आवाजाला बुजलेला गनडॉग शेतातही कामाला राहत नाही. ‘सवय व्हावी’ म्हणून पिल्लाच्या शेजारी फटाका लावणे हा शुद्ध अडाणीपणा आहे. जेवताना दोन खोल्या पलीकडे ताट वाजवावे, काही दिवसांनी ते जवळ आणावे, नंतर दुसऱ्या माणसाने दूरवरून लाकडी फळ्या आपटाव्यात. कान मागे पडले किंवा जेवण थांबले तर अंतर पुन्हा वाढवावे. पहिल्या वर्षी मिरवणुकीच्या रात्री कुत्र्याला शहराबाहेरच्या नातेवाइकांकडे ठेवलेले बरे.

सहाव्या महिन्यानंतर डाव्या पायाशी चालणे आणि थांबण्याची शिट्टी पक्की करावी. डमी बाजारातून आणलीच पाहिजे असे नाही. ताडपत्री शिवणाऱ्याकडून कॅनव्हासची लांबट पिशवी शिवून त्यात जुन्या गोधडीच्या चिंध्या घट्ट भराव्यात. मोठ्या कुत्र्यासाठी साधारण ४५० ग्रॅम आणि पिल्लासाठी त्याच्या निम्मे वजन चालते. आता कुत्र्याला बसवावे, डमी फेकावी आणि त्याच्यासमोर आपणच चालत जाऊन ती उचलून आणावी. दहा डम्या फेकल्या तर सात आपण आणायच्या आणि तीन त्याने. हे काम कंटाळवाणे आहे, शेजारी हसतात, आणि तरीही संपूर्ण शिक्षणात याहून मोलाचे दुसरे काहीच नाही. कुत्रा उठला तर ओरडू नये. त्याला मूळ जागी नेऊन बसवावे आणि ती डमी त्याला मिळू देऊ नये. दहा मिनिटांचे दोन पाठ तासाभराच्या एका पाठापेक्षा चांगले, आणि पाठ नेहमी जमलेल्या गोष्टीवर संपवावा.

वर्षानंतर, हाडे भरत आल्यावर, अंतर आणि अडथळे वाढवावेत. प्रथम पडताना दिसलेली डमी आणायला लावावी. मग वाटेत टाकून ठेवलेली, शंभर पावले पुढे गेल्यावर आठवणीने परत जाऊन आणायची. शेवटी न दिसलेली, केवळ हाताच्या खुणेवर शोधायची. दिशा शिकवण्यासाठी कुत्र्याला समोर तोंड करून बसवावे, डावीकडे, उजवीकडे आणि त्याच्या पाठीमागे एकेक डमी ठेवावी आणि त्या त्या बाजूला हात करून पाठवावे. चौथी दिशा म्हणजे तुमच्याकडे येणे. वाऱ्याचा विचार केल्याशिवाय डमी लपवू नये. कुत्र्याला नेहमी वारा तोंडावर घेऊन शोधायला पाठवावे, म्हणजे वास त्याच्याकडे येतो. पॉइंटर व स्पॅनियलना याच वाऱ्यावर नागमोडी पट्टे घालायला शिकवतात. पॉइंटरच्या गळ्यातील पट्ट्याला वीस मीटरची दोरी बांधलेली असावी, म्हणजे तो थिजल्यावर पुढे झेप घेण्याआधी त्याला धरता येते.

शेतात उतरताना

सरावाला उत्तम जागा म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारीत तोडणी झालेले उसाचे रान, अर्थात शेतकऱ्याची परवानगी घेऊन. त्याला दोन प्रश्न अवश्य विचारावेत: उंदरांचे विष कुठे ठेवले आहे का, आणि फवारणी केव्हा झाली. तुटलेल्या उसाचे बुडखे सुरीसारखे धारदार असतात, म्हणून रान आधी स्वतः चालून पाहावे. उभ्या उसात कुत्रा कधीही सोडू नये. आत घोणस असू शकते, बिबट्या असू शकतो, आणि काहीच नसले तरी कुत्रा तुम्हाला दिसत नाही, तुम्ही त्याला दिसत नाही. सर्पदंशाचा संशय आला तर जखम कापू किंवा चोखू नये, आवळून बांधू नये. कुत्र्याला चालवत न नेता उचलून न्यावे आणि विषरोधक लस उपलब्ध असल्याचे वाटेतच फोन करून विचारावे.

पावसाळ्यानंतर माळावरचे गवत वाळते तेव्हा कुसळांचा त्रास सुरू होतो. कुसळाला एकाच दिशेने पुढे सरकण्याची खोड असते. ते केसांत अडकते, मग कातडीत शिरते आणि आत प्रवास करीत राहते. माझ्या कुत्रीने एका नोव्हेंबरात अचानक डोके एका बाजूला झुकवून झटकायला सुरुवात केली. मी मळ समजून चार दिवस औषध घालत बसलो. अखेर भूल देऊन कानातून पूर्ण लांबीचे कुसळ काढावे लागले. तेव्हापासून ऑक्टोबर ते डिसेंबर आम्ही माळ टाळतो. मसाई पठार संवर्धन राखीव क्षेत्र आहे आणि राधानगरी अभयारण्य, तेव्हा तिथे सराव नकोच. विद्यापीठाच्या परिसरात मोर आहेत. कुठेही धनगरांची मेंढरे दिसली की पट्टा आधी, नमस्कार नंतर.

स्पर्धा

भारतात नोंदणी आणि प्रदर्शनांचा कारभार चेन्नईत मुख्यालय असलेल्या केनेल क्लब ऑफ इंडियाकडे आहे. प्रदर्शनात उतरवायचे तर क्लबची नोंदणी आणि मायक्रोचिप लागते. तिथे परीक्षक जातीच्या मानकाप्रमाणे बांधा, दात, केस आणि चाल पाहतात. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात पॉइंटर व सेटर सातव्या गटात, तर रिट्रीव्हर आणि स्पॅनियल आठव्या गटात येतात. आपल्या कुत्र्याला स्थिर उभे राहण्याची, परक्या माणसाने दात पाहू देण्याची आणि गर्दीत शांत बसण्याची सवय महिनाभर आधीपासून लावावी. आज्ञापालनाच्या परीक्षा मात्र मला प्रदर्शनापेक्षा जास्त मोलाच्या वाटतात, कारण पायाशी चालणे, बसून राहणे, बोलावल्यावर येणे आणि वस्तू आणून देणे यांत कुत्र्याबरोबर मालकाचीही परीक्षा होते.

ब्रिटनमध्ये गनडॉगच्या कामाच्या स्पर्धा दोन प्रकारच्या असतात. फील्ड ट्रायलमध्ये खरी शिकार असते, वर्किंग टेस्टमध्ये फक्त डम्या. दुसरा प्रकार आपल्याकडे पाच-सहा मित्र मिळून सहज उभा करू शकतात, आणि त्याला नोंदणीपत्र नसलेला कुत्राही चालतो. चार परीक्षा ठेवाव्यात आणि प्रत्येकीला २० गुण द्यावेत. पहिलीत सर्व कुत्रे एका रांगेत पायाशी चालतात, डमी उडते आणि परीक्षक ज्याचे नाव घेईल तो एकच कुत्रा जातो. बाकीच्यांचे बसून राहणेही गुणांत धरले जाते. दुसरीत साठ मीटरवर पडताना दिसलेली एक डमी. तिसरीत दोन विरुद्ध दिशांना दोन डम्या, आणि कोणती आधी आणायची हे परीक्षक सांगतो. चौथीत बांधापलीकडे लपवलेली, कुत्र्याने न पाहिलेली डमी. स्पॅनियल असतील तर चौथीऐवजी झुडपातून शोध आणि मध्येच समोरून घरंगळत सोडलेला टेनिसचा चेंडू, जो पाहून त्याने बसायचे असते.

आज्ञेआधी धावणे, एक डमी टाकून दुसरी उचलणे, केकाटणे आणि मालकाच्या ताब्यातून सुटणे या चुकांना शून्य गुण द्यावेत आणि त्यात भीड ठेवू नये. परीक्षक असा नेमावा की ज्याचा कुत्रा त्या दिवशी स्पर्धेत नाही. डमी टाकणाऱ्याने प्रत्येक कुत्र्यासाठी ती त्याच जागी, त्याच उंचीने टाकावी. बहुतेक भांडणे इथून सुरू होतात. वारा फिरला तर परीक्षकाने क्षणभर थांबून दिशा पुन्हा आखावी, नाहीतर शेवटच्या कुत्र्यावर अन्याय होतो. मालकाने नवीन खूण, नवीन शिट्टी किंवा नवीन पट्टा स्पर्धेच्या दिवशी वापरू नये, आणि सकाळी जेवण देऊन आणू नये.

दहाच्या आत सगळे आटोपावे. शेवटची फेरी झाली की कुत्र्यांना सावलीत बांधून थोडे थोडे पाणी पाजावे, बोटांच्या बेचक्यांत काटे आणि कानांत कुसळे पाहावीत, काखेत व शेपटीखाली गोचीड शोधावेत. निकाल त्यानंतर जाहीर करावा.